जिवाणूच्या पाठीवर लस

20 ऑगस्ट 2021 रोजी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या झायकोव्ह-डी या लसीला आपल्याकडे आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी मान्यता मिळालेली ती जगातली पहिली डीएनए लस. कोविडची दुसरी लाट तेव्हा नुकतीच ओसरली होती. बातमी आली आणि चार दिवसांत मागे पडली. पण ती लस देण्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी होती. सुई नव्हती. औषधाचा बारीक झोत थेट त्वचेत सोडणारे खास उपकरण होते. एका मात्रेत 2 मिलिग्रॅम डीएनए, तेही दोन ठिकाणी वाटून, आणि अशा तीन मात्रा 28-28 दिवसांच्या अंतराने. 2 मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. पण रेणू मोजायला बसलो तर तो आकडा साधारण एक कोटी गुणिले एक कोटी इतका होतो. एवढे रेणू आत सोडायचे, कारण त्यांतले अगदी थोडे पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतात. बाकीचे वाटेतच तुटून नष्ट होतात.

डीएनए लसीचे मुख्य दुखणे हेच आहे. कल्पना साधी आहे: विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या गोलाकार डीएनएत बसवायचे, ते शरीरात सोडायचे, आपल्याच पेशींनी ते वाचून विषाणूचे प्रथिन तयार करायचे आणि ते पाहून रोगप्रतिकार यंत्रणेने सावध व्हायचे. 1990 साली जॉन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसते प्लाझ्मिड टोचले आणि स्नायूच्या पेशी ते जनुक वाचू लागल्याचे दाखवले. 1993 साली मर्क कंपनीच्या गटाने इन्फ्लुएन्झाच्या एका प्रथिनाचे जनुक टोचून उंदरांचे त्या तापापासून संरक्षण करून दाखवले. त्या काळच्या उत्साहाला सीमा नव्हती. मग माणसांवरचे प्रयोग सुरू झाले आणि उंदरात उसळणारा प्रतिसाद माणसात मलूल निघाला. डीएनए पेशीत जातच नव्हते, किंवा फार थोडे जात होते. तेव्हापासून प्रश्न एकच उरला आहे: हे टपाल आत पोचवायचे कोणी?

या प्रश्नाला एक उत्तर गेली तीस वर्षे प्रयोगशाळांत घडते आहे, आणि मला ते सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. पेशीत शिरणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा आहे त्या जिवाणूंनाच कामाला लावायचे. शिगेला, म्हणजे रक्ताची आव लावणारा. साल्मोनेला, म्हणजे विषमज्वराच्या कुळातला. त्यांची रोग करण्याची ताकद काढून घ्यायची, पेशीत शिरण्याची कला तेवढी ठेवायची, आणि पाठीवर आपले प्लाझ्मिड बांधून तोंडावाटे आत सोडायचे. सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढणाऱ्या घोरपडीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती घडली की नाही हा वेगळा वाद, पण त्यामागचा विचार नेमका हाच आहे. कडा चढायची कला घोरपडीची, दोर आपला.

तोंडावाटेच का, याचे उत्तर पोलिओने देऊन ठेवले आहे. टोचून दिलेली पोलिओ लस रक्तात प्रतिपिंडे तयार करते आणि मुलाला लुळेपणापासून वाचवते. पण विषाणू आतड्यात शिरला तर तो तिथे वाढत राहू शकतो आणि शौचातून बाहेर पडू शकतो. तोंडावाटे दिलेले थेंब आतड्याच्या अस्तरातच पहारा बसवतात. तिथे आयजीए नावाची प्रतिपिंडे स्रवतात आणि विषाणूला मुक्कामच करू देत नाहीत. आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी अंगणवाडीबाहेर लागणारी रांग, निळा डबा, त्यातल्या बर्फाच्या पिशव्या, आणि थेंब दिल्यावर डाव्या करंगळीवर लावलेली शाईची खूण, हे सगळे त्या एका तत्त्वावर उभे होते. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, कोरोना, एवढेच काय एचआयव्हीसुद्धा बहुतांशी कुठल्या ना कुठल्या ओलसर अस्तरातून शरीरात शिरतो. दंडात टोचलेली लस त्या दारांवर क्वचितच पुरेसे पहारेकरी उभे करते.

आता या कल्पनेचा इतिहास. जिवाणूंकडून प्राण्याच्या पेशीत जनुक जाऊ शकते हे झुरिकच्या वॉल्टर शाफनर यांनी 1980 सालीच काचपात्रातल्या पेशींवर दाखवले होते. तेव्हा त्याचा लसीशी संबंध कोणी जोडला नाही. तो जोडला गेला 1995 साली. अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या साइझमोर, ब्रॅनस्ट्रम आणि सॅडॉफ या तिघांनी शिगेला फ्लेक्सनेरी जिवाणूचे एएसडी नावाचे जनुक काढून टाकले. हे जनुक गेले की जिवाणूला पेशीभित्तिका बांधायला लागणारे डायअमिनोपिमेलिक आम्ल स्वतः बनवता येत नाही. प्रयोगशाळेत ते बाहेरून घालून त्याला वाढवता येते. पण माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरात हे आम्ल नसतेच. त्यामुळे जिवाणू पेशीत शिरतो, वाढू पाहतो, भिंत बांधता येत नाही आणि फुटतो. फुटताना पाठीवरचे प्लाझ्मिड पेशीच्या आत सांडते. हव्या त्या जागी पोचून मरणारा हा वाहक मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. विज्ञानातल्या चांगल्या कल्पना बहुधा अशाच असतात, एकाच फटक्यात दोन प्रश्न सोडवणाऱ्या: वाहक निरुपद्रवीही झाला आणि माल उतरवायची सोयही झाली.

दोन वर्षांनी, 1997 साली, जर्मनीतून अयूब दार्जी आणि सहकाऱ्यांचा निबंध सेल या नियतकालिकात आला आणि या विषयाला खरा वेग आला. त्यांनी साल्मोनेला टायफीम्युरियमचा एरो-ए हा क्षीण प्रकार वापरला. तो स्टॉकर आणि होइसेथ यांनी 1981 साली घडवलेल्या युक्तीवर आधारलेला होता. त्यातली मेख अशी की जिवाणूला जगायला काही सुगंधी वर्तुळाची संयुगे लागतात आणि ती तो स्वतः तयार करतो. ते जनुक काढले की त्याला बाहेरच्या शिध्यावर जगावे लागते आणि प्राण्याच्या शरीरात तो शिधा मिळत नाही. म्हणजे हा जिवाणू आत शिरतो, काही पिढ्या तग धरतो आणि उपासमारीने संपतो. दार्जी यांच्या गटाने उंदरांना हा जिवाणू तोंडावाटे पाजला. लिस्टेरिया जिवाणूच्या एका विषारी प्रथिनाचे जनुक त्याच्या प्लाझ्मिडवर होते. एकाच मात्रेने टी-पेशी आणि प्रतिपिंडे दोन्ही उभी राहिली, आणि अनेक मात्रा मिळालेले उंदीर लिस्टेरियाच्या प्राणघातक मात्रेतून वाचले. सुई नाही, झोत सोडणारे उपकरण नाही, शुद्ध केलेले डीएनए नाही. पाजलेला एक घोट.

त्या घोटाचे पुढे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. जठरातल्या आम्लात बहुतेक जिवाणू मरतात, म्हणून आधी सोडा पाजतात किंवा आम्लात न विरघळणारी कॅप्सूल वापरतात. लहान आतड्याच्या अस्तरात जागोजागी पेयर यांच्या नावाने ओळखले जाणारे लसिका पेशींचे पुंजके असतात. त्यांच्यावर एम-पेशी नावाच्या खास पेशींचे छत असते. इतर अस्तरावर असतो तसा श्लेष्माचा जाड थर यांच्यावर नसतो. आतड्यातून जाणाऱ्या मालाचे नमुने उचलून खाली तपासणीला पाठवणे हेच त्यांचे काम. साल्मोनेला आणि शिगेला दोघेही हेच दार वापरतात. दाराच्या आत मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशी वाट पाहत असतात. डेंड्रायटिक पेशी म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या बातमीदार. त्या सापडलेल्या परक्या प्रथिनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर लावून लसिका ग्रंथीकडे जातात आणि टी-पेशींना दाखवतात. म्हणजे जिवाणू आपला माल नेमका अशाच पेशींत पोचवतो जिथे तो पोचला तर सर्वाधिक उपयोग होतो. दंडात टोचलेले डीएनए बहुतांशी स्नायूच्या पेशींत जाते आणि त्या पेशींना बातमी द्यायचे प्रशिक्षणच नसते. शिवाय जिवाणूच्या भिंतीतली लायपोपॉलिसॅकराइडे आणि त्याच्या चाबकासारख्या शेपटीचे प्रथिन यंत्रणेला आपसूक खडबडून जागे करतात. वेगळे उत्तेजक द्रव्य मिसळावे लागत नाही.

डीएनएच का द्यायचे, सरळ जिवाणूकडूनच विषाणूचे प्रथिन बनवून का घ्यायचे नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तसेही करतात, पण विषाणूंच्या बाबतीत अडचण येते. एचआयव्हीच्या जीपी-120 या प्रथिनाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. त्या साखळ्या आपल्या पेशी चढवतात, जिवाणू चढवत नाहीत. जिवाणूने बनवलेल्या प्रथिनाची घडीही पुष्कळदा वेगळी पडते, आणि चुकीच्या घडीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे खऱ्या विषाणूला ओळखत नाहीत. म्हणून विषाणूचे जनुक आपल्याच पेशीने वाचणे हे जिवाणूजन्य रोगांपेक्षा विषाणूंच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे ठरते.

म्हणूनच 1990च्या दशकाच्या अखेरीपासून यादी वाढत गेली. 1999 साली शिगेलाच्या पाठीवरून गोवराची डीएनए लस उंदरांना देण्यात आली. 2001 साली मेरीलँडच्या शाटा आणि होन यांनी शिगेलावरून एचआयव्हीचे जीपी-120 दिले आणि एका मात्रेत उंदरांमध्ये भरीव मारक टी-पेशी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी हाँगकाँगमधल्या गटाने साल्मोनेलावरून हेपटायटिस बीची लस तोंडावाटे देऊन पाहिली. त्यात एक लक्षणीय गोष्ट आढळली. टी-पेशींचा प्रतिसाद जोरदार होता, प्रतिपिंडे मात्र मध्यम. हे चित्र पुढे बऱ्याच प्रयोगांत दिसले, आणि माझ्या मते ते या पद्धतीच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते. पेशीत लपून बसणाऱ्या, जुनाट झालेल्या विषाणूसंसर्गात मारक टी-पेशी लागतात. रक्तात फिरणाऱ्या विषाणूला वेळीच पकडायला प्रतिपिंडे लागतात. जिवाणूच्या पाठीवरून येणारी लस पहिल्या कामाला जास्त योग्य दिसते. तिच्याकडे सगळ्या विषाणूंवरचे एकच औषध म्हणून पाहणारे लेख वाचताना मला अस्वस्थ वाटते ते यामुळे.

आता दुसरी बाजू. ही बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली नाही तर आढावा अर्धवट राहील.

पहिली शंका मुळावरच घाव घालते. शिगेला आणि लिस्टेरिया पेशीत शिरल्यावर ज्या पिशवीत गिळले जातात ती फोडून बाहेर येतात. 1998 साली जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या गटाने लिस्टेरियाला तर अशी सोय करून दिली की पिशवीबाहेर आल्यावरच तो आत्मघात करील. साल्मोनेला मात्र त्या पिशवीतच राहतो. ती त्याची आवडती खोली आहे. तिथे तो मेला तर प्लाझ्मिड पिशवीत अडकते, तिथून ते पेशीद्रवात आणि पुढे केंद्रकात कसे जाते, हे कोणी नीट सांगू शकलेले नाही. मग साल्मोनेलावरची लस काम करते कशी? प्लाझ्मिडवरच्या जनुकाला जो प्रवर्तक, म्हणजे जनुक वाचायला सुरुवात करून देणारा डीएनएचा तुकडा, लावतात तो बहुधा सायटोमेगॅलो विषाणूचा असतो. तो फक्त प्राण्याच्या पेशीतच चालतो असे गृहीत धरलेले असते. 2009 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की हे गृहीतक पुरते खरे नाही. जिवाणू स्वतःही त्या प्लाझ्मिडवरून थोडे प्रथिन बनवतो, आणि ते बनवणे थांबवले की रोगप्रतिकारक प्रतिसाद खाली येतो. म्हणजे डीएनए लस म्हणून छापून आलेल्या कित्येक यशांत जिवाणूने बनवलेल्या प्रथिनाचा वाटा होता. या निबंधाची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. तो वाचल्यावर साल्मोनेलावरचा प्रत्येक जुना आकडा पुन्हा तपासून घ्यावासा वाटतो, आणि तसा तपासला पाहिजे.

दुसरी शंका उंदराची. साल्मोनेला टायफीम्युरियम उंदरात विषमज्वरासारखा सर्वांगात पसरणारा आजार करतो, माणसात मात्र त्याचा परिणाम बहुधा जुलाबापुरता राहतो. माणसात विषमज्वर करणारा साल्मोनेला टायफी उंदराला काहीच करत नाही. शिगेला तर उंदराच्या आतड्यात आजारच धरत नाही, म्हणून त्याच्या लसी उंदराच्या नाकात घालून पाहतात. परिणामी ज्या जिवाणूवर उंदरात सगळे प्रयोग झाले तो माणसाला द्यायचा नाही, आणि जो माणसाला द्यायचा त्याची पूर्वपरीक्षा उंदरात होत नाही. तीस वर्षांच्या निबंधांचा ढीग आणि बाजारात एकही लस नाही, यांच्यामधल्या अंतराचे सर्वांत मोठे कारण मला हेच दिसते.

तिसरी गोष्ट समतोलाची. जिवाणू फार क्षीण केला तर तो एम-पेशींच्या दारापर्यंत पोचतच नाही. पुरेसा केला नाही तर घेणाऱ्याला ताप आणि जुलाब होतात, आणि शिगेलावरच्या स्वयंसेवकांच्या चाचण्यांत हे वारंवार घडले आहे. निरोगी माणसाला लस म्हणून दिलेल्या गोष्टीने ताप यावा हे कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. शिवाय प्लाझ्मिड हे जिवाणूला ओझेच असते. त्याला त्याचा काही उपयोग नसतो, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या ते टाकून देणारे जिवाणू पुढे सरकतात. ते टाकू नये म्हणून पूर्वी प्लाझ्मिडवर अँटिबायोटिकला दाद न देणारे जनुक ठेवत. माणसाच्या आतड्यात असे जनुक सोडणे आजच्या काळात अक्षम्य ठरेल. यावर रॉय कर्टिस यांच्या गटाने मार्ग काढला. एएसडी जनुक जिवाणूतून काढायचे आणि प्लाझ्मिडवर ठेवायचे. प्लाझ्मिड टाकले की जिवाणूची भिंत कोसळते. जगायचे असेल तर आपले ओझे वाहावेच लागते.

माणसाला देता येईल असा खरा भरवशाचा वाहक आजवर एकच सापडला आहे, आणि तो या सगळ्याच्या कितीतरी आधीचा आहे. 1975 साली बर्नच्या स्विस सीरम आणि लस संस्थेत जर्मानिए आणि फ्यूरर यांनी विषमज्वराच्या टीवाय-2 जिवाणूवर रसायनांचा मारा करून त्याचा एक क्षीण प्रकार निवडला. त्याचे नाव टीवाय-21ए. 1978 साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सुमारे 32,000 शाळकरी मुलांवर त्याची चाचणी सुरू झाली आणि सोड्यासोबत दिलेल्या या लसीने तीन वर्षे सुमारे 95 टक्के संरक्षण दिले. चिलीतल्या सँटियागोत तीच लस कॅप्सूलमधून दिली तेव्हा आकडा 67 टक्क्यांवर आला. लस तीच, जिवाणू तोच. देण्याची पद्धत आणि लोक बदलले तेवढे. ती कॅप्सूल पुढे अनेक वर्षे मिळत होती. शीतकपाटात ठेवलेल्या पट्टीतून एक काढायची, जेवणाआधी तासभर, थंड किंवा जेमतेम कोमट पाण्याबरोबर, न चावता गिळायची. एक दिवस सोडून पुन्हा. अशा तीन, काही देशांत चार. एका कॅप्सूलमध्ये किमान दोनशे कोटी जिवंत जिवाणू असत. मधल्या काळात अँटिबायोटिक घ्यायचे नसे, नाहीतर वाहकच मारला जाई.

या टीवाय-21एबद्दल एक गोष्ट मला नेहमी थांबवते. त्याच्या क्षीणपणाचे कारण गॅल-ई नावाच्या जनुकातला दोष आणि बाहेरचे व्ही-आय आवरण नसणे हे आहे, असे बरीच वर्षे मानले जाई. 1988 साली डेव्हिड होन आणि सहकाऱ्यांनी, म्हणजे पुढे शिगेलावरून एचआयव्हीची लस देऊन पाहणाऱ्या त्याच होन यांनी, नेमके हेच दोन बदल मुद्दाम घडवलेला जिवाणू बनवला. तो घेतलेल्या स्वयंसेवकांपैकी काहींना विषमज्वरासारखाच ताप आला. म्हणजे टीवाय-21ए सुरक्षित आहे हे लक्षावधी लोकांनी घेऊन सिद्ध झाले होते, पण तो सुरक्षित का आहे याचे स्पष्टीकरण अपुरे होते. त्या रासायनिक माऱ्यात त्याच्या जनुकसंचात आणखीही पुष्कळ बदल झाले आहेत. मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. जिवंत वाहक घडवताना कागदावरची खात्री आणि शरीरातली खात्री यांत अंतर असते, आणि ते अंतर माणसांवरच्या सावध चाचण्यांनीच भरून निघते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पोलिओच्या थेंबांतला क्षीण विषाणू क्वचित पुन्हा उग्र होतो, तसे इथे होईल का, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो विचारणे बरोबर आहे. पोलिओच्या लसविषाणूत थोडी अक्षरे बदललेली असतात, ती उलटी बदलू शकतात. जिवाणूंत आता जनुकाचा अख्खा तुकडा कापून टाकतात, तोही दोन वेगवेगळ्या जागी. कापून टाकलेले पान वहीत आपोआप परत येत नाही. या एका बाबतीत हे वाहक पोलिओच्या थेंबांपेक्षा सुरक्षित आहेत असे मी निःशंकपणे म्हणेन.

माणसावर ही पद्धत वापरली गेली ती विषाणूवर नव्हे, कर्करोगावर. व्हीएक्सएम-01 या नावाने टीवाय-21एवर एक प्लाझ्मिड चढवण्यात आले. त्यावर रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या एका ग्राहक प्रथिनाचे जनुक होते, जेणेकरून शरीराने गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर हल्ला करावा. हायडेलबर्गमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते तोंडावाटे, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी देण्यात आले. रुग्णांनी ते चांगले सोसले आणि त्या प्रथिनाविरुद्धच्या टी-पेशी वाढल्याचे दिसले. आजाराचे पारडे त्याने फिरले असे नाही. पण साल्मोनेलाच्या पाठीवरून तोंडावाटे दिलेले डीएनए माणसात टी-पेशी जागवू शकते, याचा हा पुरावा आहे, आणि विषाणूंवर काम करणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यायला हवी. 2020 साली कॅनडातल्या सिमव्हिवो कंपनीने दह्याताकातल्या जिवाणूंसारख्याच निरुपद्रवी बायफिडोबॅक्टेरियमवर कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक चढवून माणसांवरची चाचणी नोंदवली. पेशीत शिरण्याची ज्यांना सवयच नाही असे जिवाणू वाहक म्हणून किती चालतील याबद्दल मी साशंक आहे. त्याच काळात एमआरएनए लसींना जे यश मिळाले त्यामागे सगळा पैसा आणि सगळे तरुण संशोधक गेले. त्यात नवल नाही. पण एमआरएनए लस गिळता येत नाही, हेही तितकेच खरे.

इथे आपला संबंध येतो. तोंडावाटे द्यायच्या लसींची खरी कसोटी आपल्यासारख्या देशांतल्या मुलांच्या आतड्यात लागते. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पोलिओच्या थेंबांची एकेक मात्रा इतकी कमी लागू पडे की एकेका मुलाला कितीतरी वेळा थेंब द्यावे लागले. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन 1970च्या दशकापासून हे सांगत होते. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला. रोटाव्हॅक या भारतीय रोटाव्हायरस लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे सुमारे 6,800 बाळांवर झाली आणि पहिल्या वर्षात तीव्र जुलाबांपासून 56 टक्के संरक्षण मिळाले. युरोपात तोंडावाटे दिलेल्या रोटाव्हायरस लसींचा आकडा याहून कितीतरी वर असतो. सतत जंतूंशी सामना करून सुजलेले आतडे, कुपोषण, आईच्या दुधातली प्रतिपिंडे, आधीपासून ठाण मांडून बसलेले इतर सूक्ष्मजीव, या सगळ्यांमुळे हे होते असे मानले जाते. तरीही त्या 56 टक्क्यांनी आपल्याकडची बाळे वाचतात, म्हणूनच ती लस 2016 पासून राष्ट्रीय लसीकरणात आहे. जिवाणूच्या पाठीवरच्या लसीलाही हाच घाट चढावा लागेल, आणि त्यात आणखी एक अडथळा: जिथे विषमज्वर नेहमीचा आहे तिथल्या माणसाच्या शरीरात साल्मोनेलाविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असतात. वाहक दारातच पकडला जाऊ शकतो. हे युरोपातल्या स्वयंसेवकावर कधीच कळणार नाही.

कोंबड्यांचे चित्र मात्र जास्त आशादायक आहे. चीन आणि मलेशियातल्या संशोधकांनी साल्मोनेलावरून बर्ड फ्लूच्या एच-5 प्रथिनाचे जनुक कोंबड्यांना तोंडावाटे देऊन प्रतिसाद मिळवले आहेत. कोंबड्यांना पाण्यातून लस देणे आपल्याकडे नवे नाही. राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, त्याची लासोटा लस पाण्यातून किंवा डोळ्यांत थेंब टाकून देतातच. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्यांच्या राशी पुरल्या गेल्या आणि अनेक घरांचा धंदा एका आठवड्यात बसला. पाण्यातून देता येईल अशी, जिवाणू भट्टीत वाढवून वाळवलेली, डीएनए शुद्ध करण्याच्या खर्चाविना बनणारी लस तिथे किती मोलाची ठरेल हे वेगळे सांगायला नको. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे: अंडी आणि मांसातून माणसापर्यंत साल्मोनेलाचा वाहक पोचणार नाही याची खात्री. ती देता आली पाहिजे.

आपल्याकडे असा जिवंत, जनुक बदललेला जिवाणू माणसाला किंवा कोंबडीला द्यायचा तर 1989च्या नियमांनुसार जैवतंत्रज्ञान विभागाच्या जनुकीय फेरबदल पुनरावलोकन समितीपासून पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीपर्यंत सगळ्यांकडून परवानगी घ्यावी लागते. शौचातून तो बाहेर पडणार, नाल्यात जाणार, म्हणून ही चौकशी योग्यच आहे. ती कडक असावी, पण तिची उत्तरे वेळेत मिळावीत.

माझे मत स्पष्ट आहे. साल्मोनेलावर आणखी एक उंदीर-प्रयोग करून आणखी एक निबंध छापण्याने हे क्षेत्र पुढे जाणार नाही. टीवाय-21एसारख्या, माणसात वापरून झालेल्या वाहकावर एखाद्या विषाणूचे जनुक चढवून त्याची पहिली छोटी चाचणी विषमज्वर असलेल्या प्रदेशातल्या निरोगी प्रौढांवर व्हावी. आतड्यातले आयजीए आणि टी-पेशी थेट मोजाव्यात, जिवाणूने बनवलेले प्रथिन किती आणि आपल्या पेशीने बनवलेले किती हे वेगळे काढावे, आणि निकाल नकारात्मक आला तरी तो तितक्याच ठळकपणे छापावा. लस निर्मितीचे कारखाने पुण्यात आहेत, वढूत बाळांच्या आतड्यांवर लसीची चाचणी करण्याचा अनुभव आहे, परळच्या हाफकिन संस्थेला 1890च्या दशकातल्या प्लेगच्या लसीपासूनचा वारसा आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी जी मुले-मुली पीएचडीचा विषय शोधत असतील त्यांनी या प्रश्नाकडे जरूर पाहावे. 1975 साली बर्नमध्ये निवडलेल्या एका जिवाणूच्या पुढचा, तितक्याच भरवशाचा वाहक अजून कोणी घडवलेला नाही.